सूक्ष्म जिवांचा श्वास

मनुष्य श्वास घेतो तेव्हा त्याची छाती वरखाली होते. टाचणीच्या टोकाएवढ्या अंड्याला मात्र नाक नसते, छातीही नसते. तरीही त्याचे श्वसन चालूच असते. प्राणवायू घ्यावा, त्याच्या साहाय्याने अन्नद्रव्यांतून शक्ती मिळवावी आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर टाकावा, हा बहुतेक सजीवांचा नियम आहे. पण न दिसणारा हा श्वास मोजावा कसा?

१९०८ साली ओटो वारबुर्ग या तरुण जर्मन शास्त्रज्ञांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. फलन होताच अंडी सहा पटींपर्यंत अधिक प्राणवायू घेतात, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी रक्तातील वायू मोजण्याच्या उपकरणात सुधारणा केली. काचेच्या लहानशा कुपीत पेशी ठेवावयाच्या व मधल्या वाटीत कॉस्टिक पोटॅशचा द्राव घालावयाचा. पेशींनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड हा द्राव शोषून घेतो. प्राणवायू तर खर्च होतच असतो. त्यामुळे कुपीतील दाब घटतो आणि तिला जोडलेल्या वाकड्या नळीतील रंगीत द्रव सरकतो. तो किती सरकला, यावरून श्वसनाचा हिशेब मांडता येतो.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. कुपी थोडी तापली, तरी आतील हवा प्रसरण पावते व हिशेब चुकतो. म्हणून कुपी सारख्या तापमानाच्या पाण्यात हलवीत ठेवतात. शेजारीच पेशी नसलेली दुसरी कुपी असते. तिच्यात दिसणारा फरक हिशेबातून वजा करतात. अवयवांचे कापही अर्ध्या मिलिमीटरहून पातळ घ्यावे लागतात. नाही तर आतल्या पेशींना प्राणवायू पोहोचत नाही. श्वसनास साहाय्य करणाऱ्या विकराच्या संशोधनाबद्दल वारबुर्ग यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि, एकाच अंड्याचा श्वास मोजण्यास ही कुपी फार मोठी होती. १९३७ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी एका जुन्या खेळण्याचा उपयोग केला. पाण्यात वरखाली होणारा काचेचा पाणबुड्या, हेच ते खेळणे! त्यांनी इवल्याशा काचेच्या फुग्यात जीव व थोडी हवा ठेवून तो द्रवात तरंगत ठेवला. प्राणवायू खर्च झाला, की फुगा बुडू लागतो. बाहेरचा दाब कमी केला, की आतील हवा फुगते व तो पूर्वीच्या जागी येतो. दाब किती कमी करावा लागला, यावरून खर्च झालेला प्राणवायू कळतो. या युक्तीने एका घन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा वायूही मोजता येऊ लागला आणि बेडकाच्या एकट्या अंड्याचा श्वासही शास्त्रज्ञांना मोजता आला.