पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही: घरच्या लिनक्सचं लॉगिन अडतं तेव्हा

ज्यांनी एपिसोड बसमध्ये ऐकला आणि 'कमांड लिहून दे रे' असे मेसेज केले, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. कमांड बोललो तशाच अक्षर-अक्षर ठेवल्यात. का, ते पुढे कळेलच.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला कराडहून बाबांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर आत घेत नाहीये. पासवर्ड टाकला की स्क्रीन एकदा काळी होते आणि परत पासवर्डच मागतो. दुकानातला मुलगा येऊन गेला. म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. उद्या सकाळी घेऊन जातोय."

फॉरमॅट हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. आज्जीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग त्या मशीनवर होतं. जात्यावर बसायची सवय सुटून तिला चाळीस वर्षं झाली असतील, पण आईनं एकदा हट्ट केला आणि आज्जी सलग पाऊण तास म्हणत गेली. आईनं ते फोनवर रेकॉर्ड केलं, बाबांनी कॉम्प्युटरवर घेतलं, फोन नंतर पाण्यात पडला. आज्जी मागच्या वर्षी गेली. दुसरी कॉपी कुठेच नाही. हो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि तरीही दुसरी कॉपी नाही. कृपया यावर कमेंट नको.

त्या मशीनवर लिनक्स टाकलं होतं मीच. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पुढे लॉकडाऊनमध्ये घरी होतो, तेव्हा जुन्या डेस्कटॉपमध्ये १२० जीबीची एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट घातलं. बाबा खूश होते. मशीन पळायला लागलं होतं.

आता मुद्द्याचं. 'लॉगिन होत नाही' ही एक तक्रार वाटते, पण त्यात दोन वेगळे आजार असतात. पहिल्यात स्क्रीनवर 'पासवर्ड चुकीचा आहे' अशा अर्थाचं काहीतरी येतं. दुसऱ्यात असं काहीच येत नाही. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि तुम्ही परत दारात. याला लॉगिन लूप म्हणतात. दुसऱ्या आजारात तुमचा पासवर्ड बरोबरच असतो!

का, ते बघा. तुम्ही एंटर दाबलं की आधी पाम नावाची यंत्रणा पासवर्ड तपासते. खरा पासवर्ड कुठेच साठवलेला नसतो, त्याचा हॅश 'शॅडो' नावाच्या फाइलमध्ये असतो, त्याच्याशी ताडून बघितलं जातं. जुळलं की पहिलं काम संपलं. मग दुसरं काम सुरू होतं: तुमच्या नावानं डेस्कटॉप उभा करायचा, म्हणजे वॉलपेपर, पॅनल, तुमच्या सेटिंग्ज. हे काम मध्येच कोसळलं तर लॉगिन स्क्रीनला एवढंच कळतं की सेशन संपलं, आणि ती परत पासवर्डची चौकट दाखवते. वॉचमननं गेट उघडलं, पण फ्लॅटचा दरवाजाच जाम. आपण मात्र वॉचमनशी भांडत बसतो.

यातलं कुठलं बिघडलंय हे ओळखायची युक्ती: कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएन पण लागू शकतं. काळी स्क्रीन येते आणि त्यावर 'लॉगिन' एवढंच लिहिलेलं असतं. चित्र नाही, माउस नाही. तिथे युजरचं नाव, मग पासवर्ड. आत गेलात तर पासवर्ड ठीक, डेस्कटॉप आजारी. तिथेही नकार आला तर पासवर्डचीच भानगड.

बाबांना हे फोनवर करायला लावलं.

"नाव टाकलं. पासवर्ड टाइप होत नाहीये. कीबोर्ड गेला."

कीबोर्ड गेला नव्हता. त्या काळ्या स्क्रीनवर पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. कोणी मागून बघत असेल तर पासवर्डची लांबीही कळू नये, म्हणून जुन्या काळापासून तसं आहे. "बाबा, दिसणार नाही. तुम्ही डोळे मिटून टाका आणि एंटर मारा." मारलं, आणि आत गेले. तेव्हा मला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं. पासवर्ड बरोबर, डिस्क जिवंत, फाइली जागेवर.

मग पहिली कमांड. लॉगिन लूपमध्ये मी नेहमी हीच आधी चालवतो: डी, एफ, एक जागा सोडून डॅश, एच. "डॅश म्हणजे?" "शून्याच्या शेजारची आडवी रेघ." डिस्कच्या कुठल्या भागात किती जागा उरली, याचा तक्ता येतो. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरकी रेघ असते, ती मुख्य ओळ. बाबांनी वाचून दाखवलं: "शंभर टक्के. त्याच्या आधी शून्य."

सापडला चोर. डिस्क काठोकाठ भरली होती.

डिस्क भरली तर लॉगिन का अडावं? कारण डेस्कटॉप सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमध्ये एक्सऑथॉरिटी नावाची एक बारकी फाइल लिहिली जाते. हा तुमचा गेटपास. स्क्रीनवर चित्र काढायची परवानगी त्यात असते. जागा शून्य, म्हणून गेटपास लिहिता येत नाही, म्हणून सेशन कोसळतं. काळ्या स्क्रीनला चित्रच काढायचं नसतं, त्यामुळे तिला गेटपास लागत नाही.

इथे एक गंमत. लिनक्सवर नेहमी असणारी ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम सहसा डिस्कचा ५ टक्के भाग रूटसाठी, म्हणजे मालक-खात्यासाठी, राखून ठेवते. तुमच्यासाठी जागा शून्य झाली तरी रूटला थोडी वाट मोकळी राहते. असल्या वेळी दुरुस्ती करता यावी, हाच हेतू. १२० जीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा साधारण साडेपाच जीबी होते. फुकट जाते म्हणून ती काढून टाका, असं सांगणारे व्हिडिओ आहेत. घरच्या मुख्य डिस्कवर ते करू नका.

आता फोनवरून साफसफाई. माझा अनुभव असा की एक जीबी मोकळा झाला तरी पुरे, तेवढ्यात डेस्कटॉप उघडतो आणि बाकीचं माउसनं आरामात करता येतं. म्हणून बिनधोक कमांड दिली: सुडो, ॲप्ट, क्लीन, तीन शब्द, मध्ये एकेक जागा. अपडेट करताना उतरवलेल्या पॅकेजच्या फाइली साठलेल्या असतात, त्या यानं जातात. तुमची एकही फाइल जात नाही. (सुडोचं स्पेलिंग एस, यू, डी, ओ. बाबांनी आधी डबल ओ टाकला होता.) मग परत डीएफ. "आता नव्याण्णव दाखवतंय."

मग कंट्रोल, आल्ट, एफ-७. मिंटवर यानं चित्रवाल्या स्क्रीनवर परत येता येतं, उबंटूवर बहुतेक वेळा एफ-१ लागतं. पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉप उघडला. आईचा आवाज मागून आला, "झालं का रे?"

जागा खाल्ली कोणी? सांगायला लाज वाटते, पण मीच. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं टूल असतं. ते सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, काही बिघडलं तर मागच्या तारखेला जाता येतं. मी मोठ्या उत्साहात रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे असे सगळे स्नॅपशॉट चालू केले होते, तेही त्याच एसएसडीवर. न बदललेली फाइल टाइमशिफ्ट दुसऱ्यांदा साठवत नाही, पण अपडेट होत राहिले की फाइली बदलतात आणि ढीग वाढत जातो. निम्म्याहून जास्त डिस्क त्यानंच घेतली होती. उरलेल्या जागेत बाबांनी चुलतबहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ भरले, तिथे संपलं.

यातली सगळ्यात बोचरी गोष्ट: टाइमशिफ्ट डिफॉल्टनं तुमचं होम फोल्डर घेतच नाही. म्हणजे इतके स्नॅपशॉट असूनही आज्जीचं रेकॉर्डिंग त्यातल्या एकातही नव्हतं. ते टूल सिस्टिमसाठी आहे, फोटो-गाण्यांच्या बॅकअपसाठी नाही, आणि ते स्वतःच तसं सांगतं. मी वाचलं नव्हतं.

जुने स्नॅपशॉट बाबांनी टाइमशिफ्टच्या खिडकीतूनच काढले. फाइल मॅनेजरमधून काही काढत असाल तर कचरापेटीही रिकामी करा. पेटीतली फाइल तितकीच जागा अडवते.

डिस्क भरलेली नसेल तर? मग त्याच काळ्या स्क्रीनवर एल-एस, जागा, डॅश, एल, ए. घरातल्या लपलेल्या फाइलींसह यादी येते. त्यात टिंबानं सुरू होणारी एक्सऑथॉरिटी शोधा आणि मालक कोण ते बघा. तुमच्या नावाऐवजी 'रूट' असेल तर हेच दुखणं. कोणीतरी सुडो लावून चित्रवाला प्रोग्रॅम चालवला की असं होतं. गेटपास रूटच्या नावावर, मग तुम्हाला त्यावर लिहिता येत नाही. त्या फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. काही लोक इथे 'सगळ्याला ७७७ परवानगी देऊन टाक' असा सल्ला देतात. पूर्ण सिस्टिमवर ते केलं तर सुडोच चालायचं बंद होतं, आणि मग खरंच रडायची वेळ येते.

अपडेटनंतर लगेच लूप सुरू झाला आणि मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असेल तर संशय ड्रायव्हरवर. नवा कर्नल आला आणि ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, हे नेहमीचं. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवा किंवा नव्या मशीनवर एस्केप दाबा, ग्रबचा मेनू येईल. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. आत गेलात की ड्रायव्हर नीट बसवा.

आता पहिला आजार, 'पासवर्ड चुकीचा'. कॅप्स लॉक बघितलात, पण नम लॉक? पासवर्डमध्ये आकडे असतील आणि तुम्ही ते उजवीकडच्या पॅडवरून टाकत असाल, तर नम लॉक बंद असताना आकडा उमटतच नाही. आणि खास आपल्या लोकांची अडचण: मराठी टायपिंगसाठी देवनागरी लेआउट टाकलेला असतो आणि लॉगिन स्क्रीनवर तोच चालू राहतो. तुम्ही इंग्रजी समजून टाकताय, मशीनला 'कखग' मिळतंय, आणि दिसतात फक्त ठिपके. कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, ते बघा. माझ्या एका मित्रानं यापायी दोन दिवस घालवले.

खरंच विसरलात तर ग्रबच्या त्याच मेनूत रिकव्हरी मोड आणि त्यात रूटचा पर्याय आहे. तिथे 'पासडब्ल्यूडी' आणि पुढे युजरचं नाव दिलं की नवा पासवर्ड मागतो. 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' असं भीतीदायक वाक्य आलं तर घाबरू नका. डिस्क बहुतेक फक्त-वाचा स्थितीत असते. आधी 'माउंट, डॅश ओ, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, तिरकी रेघ' द्या, मग परत पासवर्ड बदला. नंतर ब्राउझर 'कीरिंग'चा पासवर्ड मागू लागला तर तो जुनाच असतो, तेवढं लक्षात ठेवा.

इतकं सोपं? हो. मशीन ज्याच्या हातात, तो पासवर्ड बदलू शकतो. ते नको असेल तर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, आणि तो पासवर्ड विसरलात तर मात्र कुठलाही रिकव्हरी मोड कामाला येत नाही.

आणि यातलं काहीच जमलं नाही तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी उरतेच. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, त्यावरूनच मशीन सुरू करा आणि 'इन्स्टॉल' न दाबता नुसतं वापरा. आतली डिस्क फाइल मॅनेजरमध्ये दिसते. तिच्यातल्या 'होम'मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं, ते दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. डिस्क एन्क्रिप्टेड नसेल तर पासवर्डही लागत नाही. दुकानात देणार असाल तर हे करून द्या. तिथल्या मुलाचा दोष नाही म्हणा, त्याला दिवसात दहा मशीन बघायची असतात.

रात्री अकरा वाजता बाबांनी ती फाइल मला पाठवली. आता ती माझ्या लॅपटॉपवर आहे, ताईच्या फोनवर आहे, आणि कराडला एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. डिस्क आईनं कपाटात साड्यांखाली ठेवलीये. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा परत फोन. मी दचकून उचलला.

"अरे, ते काळं स्क्रीन कुठल्या बटणानं यायचं? जोशीकाकांना दाखवायचंय."