खंडेनवमीचे कुंकू आणि शस्त्राचा गंज

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे सरळ, रुंद पात्याचे दुधारी खड्ग. त्या दिवशी गेवराई तालुक्यात हिंडणाऱ्यास शेतकऱ्याचा फाळ, सुताराची करवत, ट्रकचे इंजिन आणि पोलीस ठाण्यातील बंदुका या सर्वांवर तोच कुंकुमतिलक दिसतो. पूजेचे मंत्र, मुहूर्त आणि नैवेद्य यांविषयी सणाच्या पानांवर दरसाल पुष्कळ लिहिले जाते. मला आज लिहावयाचे आहे ते पूजेनंतरच्या सकाळविषयी. ज्या लोखंडास आपण देव मानून गंध लावतो, ते त्याच गंधाखाली सडू लागते. आणि हे आपल्या ध्यानी फार उशिरा येते.

माझ्या ध्यानी ते वयाच्या अकराव्या वर्षी आले. आमच्या घरी तेव्हा पूर्वजांची एक तलवार होती. नवमीच्या आदल्या सायंकाळी देव्हाऱ्यातील तांब्यापितळेची उपकरणी चिंचेने व राखेने घासण्याचे काम माझ्याकडे असे. उत्साहाच्या भरात मी तलवारही चिंचेनेच घासली, धुतली आणि ओलसर असतानाच म्यानात सारली. सकाळी आजोबांनी ती उपसली, तो टोकापासून मुठीपर्यंत पिवळसर तांबूस थर! आजोबा रागावले नाहीत. “तांब्याचे औषध लोखंडाला विष आहे रे,” एवढेच म्हणाले आणि तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली. पुढील दोन दिवस मी चिंधी घेऊन ओसरीवर बसलो होतो.

ही आठवण पुन्हा जागी झाली ती काही वर्षांपूर्वी, गोदाकाठच्या एका गावी नवरात्रातील कीर्तनास गेलो असता. यजमान सैन्यातून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. त्यांच्यापाशी परवान्याची, इछापूरच्या कारखान्यातील ३१५ बोअरची रायफल होती. ती आणून ते म्हणाले, “बुवा, एकाही साली पूजा चुकवली नाही. मग हिला हे कोड कशानं फुटलं?” पाहतो तो बोल्टच्या उघड्या, चकचकीत पोलादावर, जेथे दरवर्षी कुंकवाचे बोट टेकत असे, नेमका तेथेच लालकाळा डाग, आणि डागाखाली बारीक खड्डे. मी म्हणालो, “आण्णा, पूजा नाही चुकली, पुसायचं राहिलं.”

यात देवाचा काही कोप नाही. परंपरेचे कुंकू हळदीवर लिंबाचा रस, तुरटी आणि टाकणखार यांची क्रिया करून सिद्ध होते. बाजारी कुंकवात काय असते, ते करणारासच ठाऊक! लिंबाचे आम्ल लोखंडास चावते. क्षार हवेतील ओल ओढून घेतात. त्यात ओली झेंडूची फुले, नारळाचे पाणी, कोहळा चिरला असल्यास त्याचा रस, आणि कोणी फारच भाविक असला तर पंचामृतातील दही. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज जन्मतो. क्षार असले की तो धावत येतो. तांब्यावर चढलेला हिरवा थर आतील धातूस बरेचसे जपतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली उतरतच जातो.

कीर्तनात हे सांगितले की कोणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाचे नाव काढतोच. सोळाशे वर्षे तो उघड्यावर उभा आहे, हे खरे. परंतु त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर एक चिवट, संरक्षक पापुद्रा धरला आहे. रायफलीच्या पोलादात ती सोय नाही. आणि त्या स्तंभासही लोकांच्या हातांपासून वाचविण्यासाठी १९९७ साली कुंपण घालावे लागले.

रायफलीच्या नळीवर जी काळसर निळी झाक असते, तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. ती झाक म्हणजे लोखंडाचेच काळे भस्म, एक आवरलेला गंजच म्हणा ना! काही कारागीर तर आधी लाल गंज मुद्दाम चढवितात, मग पाण्यात उकळून तो काळा करतात आणि सैल भुकटी घासून काढतात. असे अनेकदा केल्यावर ती झाक बसते. परंतु हा थर अत्यंत पातळ असून त्यास सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत तेल मुरलेले असेल तोवर तो राखण करतो. कोरडा पडला की त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय नळीचे तोंड, बोल्टची मूठ, हातात धरण्याची जागा येथे तो झिजून पांढरे पोलाद उघडे पडते. पहिला गंज तेथेच शोधावा.

तेल कोणते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कारण आमच्या तालुक्यातच राक्षसभुवनी शनिमहाराजांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. शनीचा धातू लोह, आणि त्याला प्रिय तेल. याच गोदातीरी १० ऑगस्ट १७६३ रोजी, भर पावसाळ्यात, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला. त्या ओल्या दिवसांत तलवारी आणि तोड्याच्या बंदुका जपण्यास किती तेल लागले असेल, असा विचार तेथे गेलो की माझ्या मनात येतो. असो. देवावर तेल वरचेवर चढत असते. घरची रायफल वर्षभर फडताळात पडून असते. तिळाचे, करडईचे वा जवसाचे तेल कालांतराने हवेने घट्ट होऊन चिकटा धरते, त्यावर धूळ बसते, बोल्ट अडकू लागतो. यास्तव शस्त्रास खनिज तेलच हवे. बंदुकीचे खास तेल मिळते. ते नसेल तर शिवणयंत्राचे पातळ तेल चालते. जवसाचे तेल लाकडी दस्त्यास उत्तम. आणि तेल चोपडू नये; हलकासा हात फिरवून वरचे पुसून घ्यावे.

हाताचेही तसेच. वीणेच्या पोलादी तारेस मी कीर्तनानंतर कोरडे फडके लावल्यावाचून गवसणी घालीत नाही. एक रात्र विसरलो तर घामाच्या जागी तार खरखरीत लागते. वराहमिहिराने बृहत्संहितेत खड्गाविषयी जे निषेध सांगितले आहेत, त्यांत विनाकारण ते उपसू नये, पात्यात तोंड पाहू नये, अशुचि स्थितीत त्यास स्पर्श करू नये, असे आहे. त्याचा हेतू शुभाशुभाचा होता. परंतु तोंडाची वाफ आणि खारट हात यांचा पात्याशी संबंध येऊ नये, हा अर्थ मला त्यात दिसतो. पंडितांनी तो मानलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही.

ठेवण्याची जागा हा निम्मा भाग आहे. दसऱ्यास आपण शमीपूजन करतो, पण विराटपर्वातील शमीचा प्रसंग नीट वाचीत नाही. पांडवांनी आधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. मग नकुल झाडावर चढला आणि पावसाचा थेट मारा बसणार नाही अशा भक्कम जागा पाहून त्याने ती शस्त्रे घट्ट बांधली. वर्षभराने उत्तराने गाठोडे सोडले, तेव्हा त्यांच्या तेजाने तो भ्याला. आपण मात्र रायफल चामड्याच्या वा कापडी गवसणीत घालून मातीच्या भिंतीस टेकवितो. चामडे व कापड ओल धरते, चामडे कमावण्यातील क्षार पोलादास लागतात. गवसणी प्रवासापुरती, घरी बंदूक कोरड्या, कुलूपबंद कपाटात, भिंतीस न टेकविता ठेवावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करावयाची असेल, तर तेलाचा हात नेहमीपेक्षा अंमळ जाड द्यावा. ती केव्हा परत हाती येईल, हे आपल्या हाती नसते.

सन २०२५ च्या नवरात्रात जायकवाडीतून सुटलेल्या पाण्याने गोदावरी फुगली, तेव्हा काठच्या घरांतील लोखंडाची काय दशा झाली ते अनेकांनी पाहिले आहे. पुराचा चिखल वाळू देऊ नये. आधी स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे, मग तेल. बंदुकीच्या आत पाणी गेले असेल तर परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. चढलेला गंज काच-कागदाने खरवडू नये. काळी झाकही त्याबरोबर जाते. तेलात भिजवून, मऊ पितळी कुंचल्याने, सावकाश काढावा.

आता नवमीचा क्रम. प्रथम काडतूस काढून बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी. पोरांना दूर बसवावे. नळीत चार इंच लांब, दोन इंच रुंद चिंधी घालून ती स्वच्छ करावी, मग तेलाची चिंधी फिरवावी. गोळी झाडण्यापूर्वी मात्र नळीतील हे तेल पुसून टाकलेच पाहिजे. हळदकुंकू दस्त्याच्या लाकडावर लावावे, अथवा पोलादावर विड्याचे कोरडे पान ठेवून त्यावर वाहावे. फुले कोरडी, पाणी केवळ शिंपडल्याचा भाव. दशमीचे सीमोल्लंघन आटोपले की एकादशीच्या सकाळी निर्माल्याबरोबरच सर्व पुसून काढावे आणि पुन्हा तेलाचा हात द्यावा.

आण्णांच्या बोल्टवरील खड्डे भरून आले नाहीत. गेलेले पोलाद परत येत नाही. पण डाग होता तेवढाच राहिला आहे. गेल्या खेपेस गेलो तेव्हा कुंकू दस्त्यावर होते, आणि शेजारी पाटावर चिंधी व तेलाची कुपी ठेवून आण्णांनी त्यांनाही अक्षता वाहिल्या होत्या.