बियाण्याचा लाल रंग

मराठवाड्यातील जालना हे जुने व्यापारी शहर. तेथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी स्थापन केली. पुढे हा व्यवसाय वाढला आणि जालन्याचे नाव बियाण्यांसाठी देशभर झाले. पेरणीचे दिवस जवळ आले की, जालना जिल्ह्यातील घरोघरी बियाण्यांच्या पिशव्या येतात.

पिशवीतील दाणा मात्र पुष्कळदा लाल, गुलाबी किंवा निळा दिसतो. मातीतील बुरशी व किडी यांपासून कोवळ्या अंकुराचे रक्षण व्हावे, म्हणून बियाण्यास थायरमसारखी औषधे चोळतात. अंकुराला तारक असणारी ही औषधे पोटात गेली, तर मारक ठरतात. म्हणूनच त्यांत रंग मिसळतात. हा रंग शोभेसाठी नसून धोक्याची खूण आहे.

माणसाला ही खूण कळते. मुक्या जनावराला कळत नाही. गाय, बैल व म्हैस चारा भराभर गिळतात आणि मग निवांतपणे रवंथ करतात. विषारी दाणे निवडून टाकणे त्यांना साधत नाही. उरलेले बियाणे वाया जाऊ नये, म्हणून कोणी ते धुऊन आंबोणात मिसळले, तर अनर्थ ओढवतो. औषधाच्या प्रकारानुसार जनावराची लाळ गळते, अंग थरथरते, रवंथ थांबते. प्रसंगी ते दगावते. काही विषे दुधातही उतरतात.

रंग धुतल्याने विष जात नाही, याचा दारुण अनुभव इराक देशाला १९७१-७२ साली आला. तेथे पेरणीसाठी आलेल्या गव्हास पाऱ्याचे औषध लावलेले होते. लोकांनी तो धुतला, रंग निघाला. काहींनी तो आधी कोंबड्यांना घालून पाहिला. त्या लगेच मेल्या नाहीत, म्हणून त्याच्या रोट्या केल्या. परंतु पाऱ्याचे विष सावकाश भिनते. काही आठवड्यांनी माणसे आजारी पडू लागली. सहा हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांपैकी ४५९ दगावले.

आजची औषधे निराळी असली, तरी धडा तोच आहे. उरलेले बियाणे गोठ्यापासून दूर, कुलपात ठेवावे. रिकाम्या पिशवीत पेंड किंवा धान्य भरू नये. जनावराने असे बियाणे खाल्लेच, तर पशुवैद्यास त्वरित बोलवावे व ती पिशवी दाखवावी. तिच्यावर औषधाचे नाव असते. वर्षभर शेतात राबणाऱ्या बैलाला पिशवीवरील अक्षरे वाचता येत नाहीत. ती त्याच्यासाठी वाचणे, हे त्याच्या धन्याचे कर्तव्य आहे.