अँटिबॉडीचा रिपोर्ट आला, पण वाचायचा कसा?

पावसाळा सुरू झाला की हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असाइनमेंटच्या पीडीएफसोबत लॅबच्या पीडीएफही फिरायला लागतात. ‘डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. भाई, म्हणजे मला डेंग्यू आहे की नाही?’ त्यावर कुणी ‘चिल कर’ म्हणतं, कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी थेट घरी निघून जायचा सल्ला देतं. रिपोर्ट मात्र कुणीच नीट वाचलेला नसतो. खरं तर चाचणी नेमकं काय शोधते आणि ती आजारपणाच्या कितव्या दिवशी केली, एवढं कळलं तरी निम्मं कोडं सुटतं.

आधी आयजीएम, मग आयजीजी

अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडं. शरीरात विषाणू शिरला की त्याला ओळखून पकडणारी ही प्रथिनं आपली रोगप्रतिकारशक्ती तयार करते. लस घेतल्यावरही हेच होतं. त्यामुळे अँटिबॉडी टेस्ट विषाणूला शोधत नाही, शरीराने त्याला दिलेलं उत्तर शोधते. आणि हे उत्तर तयार व्हायला काही दिवस लागतात. साधारणपणे आधी आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी दिसतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. आयजीजी मागून येतात, पण दीर्घकाळ टिकतात.

आता समजा, तुमच्या रूममेटला काल ताप आला आणि आज त्याने डेंग्यूची फक्त आयजीएम टेस्ट केली. ती निगेटिव्ह येणं अगदी शक्य आहे, डेंग्यू असला तरीही! पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही टेस्ट करतात, कारण ती थेट विषाणूचं प्रथिन शोधते. आयजीएमचा उपयोग त्यानंतर. सरकारी प्रयोगशाळांत वापरलं जाणारं डेंग्यू आयजीएमचं एलायझा किट आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने विकसित केलेलं आहे. काही मिनिटांत निकाल देणारी रॅपिड कार्ड टेस्ट सोयीची असते. पण पक्क्या निदानासाठी एलायझाच धरली जाते.

ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं काय? नुसती आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा डेंग्यू पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असतो. मात्र दुसऱ्यांदा डेंग्यू झाला, तर आयजीजी सुरुवातीलाच झपाट्याने वाढू शकते. म्हणून ताप असताना हा रिपोर्ट डॉक्टरांनीच बघायला हवा. ‘एकदा झालाय, आता टेन्शन नाही’ असंही समजू नका. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकारापासून फार काळ वाचवत नाहीत. उलट दुसऱ्या खेपेला आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.

लसीमुळे की आजारामुळे?

हेपेटायटिस बीचं उदाहरण घ्या. या लसीत विषाणूच्या पृष्ठभागावरचं एकच प्रथिन असतं. त्यामुळे लस घेतलेल्याच्या रक्तात फक्त त्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे अँटी-एचबीएस, सापडते. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आली, तर प्रत्यक्ष संसर्ग कधीतरी झालेला असावा.

कोविडमध्येही असंच होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशिल्ड शरीराला फक्त स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते. म्हणून ती घेतलेल्याच्या रक्तात विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटिबॉडी सापडल्या, तर कोविडही होऊन गेला असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, त्यामुळे तिथे असा फरक करणं अवघड जातं.

आकड्यांची शर्यत

२०२१मध्ये लस घेतल्यावर ‘तुझे किती, माझे किती’ अशी अँटिबॉडीची स्पर्धाच लागली होती. काहींच्या रिपोर्टवर ‘२५०पेक्षा जास्त’ असं छापून यायचं आणि ते खूश व्हायचे. पण अनेकदा तो मशीनच्या मोजपट्टीचा शेवट असायचा. शिवाय प्रत्येक कंपनीचं किट वेगळं, एककं वेगळी. दोन लॅबच्या आकड्यांची तुलना म्हणजे एका विद्यापीठाचा सीजीपीए दुसऱ्याच्या टक्केवारीशी लावण्यासारखं. प्रतिकारशक्तीची स्मरणपेशींची फौज तर या टेस्टमध्ये दिसतच नाही. म्हणूनच मे २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, लसीनंतरचं संरक्षण जोखायला या चाचण्या वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं.

मग आकडा कधीच कामाचा नसतो का? असतो. एमबीबीएस, नर्सिंग, डीएमएलटी करणाऱ्यांनी इथे लक्ष द्या. वॉर्डात सुई टोचली, तर हेपेटायटिस बीचा धोका खरा असतो. या लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घेतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजतात. प्रति मिलिलिटर १० मिलि-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून जास्त असेल, तर संरक्षण मिळालं. पुढे काही वर्षांनी आकडा घसरला, तरी निरोगी माणसात स्मरणपेशी सहसा टिकून असतात. ही लस सरकारी लसीकरणात देशभर पोहोचायला २०११ उजाडलं. त्यामुळे आज कॉलेजात असलेल्या सगळ्यांनाच ती लहानपणी मिळाली असेल, असं नाही. इंटर्नशिपच्या आधी घरातलं लसीकरण कार्ड शोधाच.

अँटिबॉडी टेस्ट सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती अख्ख्या वस्तीचं चित्र बघायला. जुलै २०२०मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत सेरो सर्व्हे झाला. झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांमधल्या सुमारे १६ टक्के लोकांमध्ये कोविडच्या अँटिबॉडी सापडल्या. कोविड शहरात किती आणि कुठे पसरला होता, हे नोंदलेल्या केसेसवरून कळलं नव्हतं. ते या रक्ताच्या नमुन्यांनी दाखवलं.

रिपोर्ट हातात आल्यावर हे बघा

– टेस्ट कशाची आहे? एनएस१, आयजीएम की आयजीजी?
– रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं?
– आधी हा आजार झाला होता का? लस घेतली होती का, कोणती?
– जुन्या रिपोर्टशी तुलना करताय, तर लॅब आणि एकक तेच आहे का?

आणि एक महत्त्वाचं. डेंग्यूमध्ये ताप उतरायला लागतो, तेव्हाच प्रकृती बिघडू शकते. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, प्रचंड गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी थांबू नका, मित्राला रिक्षात घाला आणि हॉस्पिटल गाठा. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.