सोळा नंबरचं बीळ

तिला नाव नव्हतं, फक्त नंबर होता. १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात, टॅमिन गावाजवळच्या नॉर्थ बंगुला या राखीव जंगलात कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन बिळांशेजारी धातूच्या खुंट्या ठोकू लागल्या. सोळाव्या खुंटीजवळ ट्रॅपडोअर कोळ्याची एक छोटी मादी राहत होती. २०१६ साली तिचा मृत्यू नोंदवला गेला, तेव्हा ती ४३ वर्षांची होती. एवढं जगलेल्या दुसऱ्या कोळ्याची नोंद तोवर नव्हती. आधीचा विक्रम मेक्सिकोतल्या एका टॅरंटुलाचा, २८ वर्षांचा.

गायस व्हिलोसस ही तिची जात. दिसायला तपकिरी, केसाळ. खरी करामत तिच्या घराची. जमिनीत उभं खोदलेलं बीळ, आतून रेशमाचं अस्तर, तोंडावर माती आणि रेशमाचं झाकण, त्याला रेशमाचीच बिजागरी. बिळाभोवती वाळक्या काड्या पसरून लावलेल्या असतात. रात्री बाईसाहेब झाकणाखाली दबा धरून बसतात. मुंगीचा पाय काडीला लागला, की थरथर आत पोचते, झाकण उघडतं आणि मुंगी गायब. शिकारीसाठी वणवण नाही, त्यामुळे शरीराचा खर्चही बेताचा.

पण ती तीच मादी, हे कशावरून? उत्तर तिच्या हट्टी स्वभावात आहे. एकदा बीळ केलं की मादी जन्मभर त्यातच राहते, वाढेल तसं ते रुंद करत जाते. दुसऱ्याच्या रिकाम्या बिळात हे कोळी शिरत नाहीत. म्हणजे खुंटीपाशी नांदतं बीळ असेल, तर आत पूर्वीचीच मालकीण. नर मात्र वयात आले की जोडीदारीण शोधायला बाहेर पडतात आणि लवकरच मरतात. या पद्धतीत यंत्रं जवळपास नाहीत. लागतं ते वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन खाली वाकून बघणं. माझ्या मते विक्रम कोळ्याइतकाच मेनबाईंचाही आहे.

३१ ऑक्टोबर २०१६ रोजी संशोधक लिअँडा मेसन यांना सोळा नंबरच्या झाकणाला भोक पडलेलं दिसलं. परजीवी गांधीलमाशी कोळ्यावर अंडं घालते, अळी त्याला जिवंतपणी खाते. इथेही तसंच घडलं असावं, असा निष्कर्ष निघाला. मृत्यू म्हातारपणाने आला नाही, हे विशेष. २०१८ साली शोधनिबंध छापून आला आणि जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेनबाई गेल्या.

टॅमिनजवळचा हा सगळा भाग गव्हाच्या शेतांचा, मूळ झाडोरा तुकड्या-तुकड्यांनी उरलेला. या कोळ्यांची पिल्लं आईच्या बिळापासून थोडंसंच चालून आपलं बीळ खोदतात. त्यामुळे एक तुकडा नांगरला गेला, तर शेतं ओलांडून तिथे नवं बिऱ्हाड येणं कठीण.

याच कुळातला एक कोळी मुंबईचं नाव मिरवतो: इडिऑप्स बॉम्बेएन्सिस, २००५ साली शास्त्रीय नोंद झालेला. आपल्याकडचे असे कोळी शोधायचे, तर शेताचे बांध आणि रस्त्याकडेच्या मातीच्या दरडी निरखाव्यात. झाकण मातीच्याच रंगाचं, त्यामुळे कडेची बारीक अर्धगोल चीर तेवढी दिसते. काडी घालून उचकटू मात्र नये. आतली मादी झाकण नख्यांनी घट्ट ओढून धरते, आणि ओढाताणीत बिजागरी फाटते.