स्टॉक छायाचित्रांतील स्त्री-अभियंता : प्रतिमा आणि वास्तव

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे माहितीपत्रक किंवा चर्चासत्राचे भित्तिपत्रक तयार करताना अनेकदा विकत मिळणाऱ्या तयार छायाचित्रांचा आधार घेतला जातो. यांनाच ‘स्टॉक छायाचित्रे’ म्हणतात. ती एखाद्या घटनेची नोंद नसून संभाव्य ग्राहकासाठी आधीच काढून ठेवलेली असतात. त्यांतील स्त्री-अभियंत्याच्या चित्रणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिमेची जडणघडण :
‘आयस्टॉकफोटो’ (२०००) व ‘शटरस्टॉक’ (२००३) या संकेतस्थळांमुळे अशी छायाचित्रे अल्प किमतीत उपलब्ध झाली. एकच छायाचित्र अनेकांना विकले जावे म्हणून ते कोणत्याही विशिष्ट कामाशी बांधलेले नसते. ‘अभियंता’ चटकन ओळखू यावा यासाठी हेल्मेट, नकाशाची गुंडाळी अशी चिन्हे वापरली जातात. म्हणजेच व्यवसाय कृतीवरून नव्हे, तर चिन्हांवरून ओळखला जातो. हा दोष पुरुषांच्या चित्रणातही आढळतो. तथापि स्त्रीच्या बाबतीत तिच्या दिसण्याला महत्त्व देणाऱ्या जाहिरातींच्या संकेताची त्यात भर पडते. परिणामी हाती उपकरण असले तरी तिची नजर कामावर नसून कॅमेऱ्याकडे असते. एका बहुचर्चित छायाचित्रात तर स्त्रीने सोल्डरिंग आयर्न मुठीऐवजी तापणाऱ्या धातूच्या भागाला धरलेले आहे. प्रत्यक्षात असे केल्यास हात भाजेल. येथे उपकरण हे कामाचे साधन न राहता केवळ सजावट ठरते.

परिणाम व प्रतिसाद :
या प्रतिमांचा परिणाम केवळ सौंदर्यदृष्टीपुरता मर्यादित नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात एका कंपनीच्या नोकरभरतीच्या जाहिरातीत आयसिस वेंगर या तिथल्याच अभियंत्याचे छायाचित्र झळकले. ते पाहून ‘ही खरी अभियंता नसावी’ अशी शंका काहींनी व्यक्त केली. त्यातून ‘आय लुक लाइक अॅन इंजिनिअर’ ही मोहीम उभी राहिली. खोट्या प्रतिमांची सवय झालेल्या नजरेला खरी व्यक्तीच अविश्वसनीय वाटावी, हे चिंताजनक आहे.

तत्पूर्वी २०१४ मध्ये ‘गेटी इमेजेस’ने ‘लीन इन’ संस्थेच्या सहकार्याने स्त्रियांच्या साचेबद्ध चित्रणाला पर्याय देणारा संग्रह सुरू केला होता. २०१५ पासून ‘विमेन ऑफ कलर इन टेक’ या उपक्रमाने तंत्रज्ञान क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कृष्णवर्णीय व इतर श्वेतेतर स्त्रियांची छायाचित्रे विनामूल्य वापरासाठी खुली केली.

आपल्याकडील संदर्भ :
अय्यलसोमयाजुला ललिता यांनी १९४३ मध्ये मद्रासमधील गिंडी येथील महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुण्यात मुलींसाठीचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ मध्ये सुरू झाले. आपल्या कर्मशाळांत लेथवर काम करणाऱ्या, व्हर्निअरने माप घेणाऱ्या विद्यार्थिनी असताना माहितीपत्रकासाठी अनोळखी मॉडेलचे छायाचित्र विकत घेण्याची गरज तपासून पाहावयास हवी.

निष्कर्ष :
छायाचित्रात किती स्त्रिया आहेत, एवढे मोजणे पुरेसे नाही. तिचे हात काय करीत आहेत, तिची नजर कोठे आहे आणि ते काम खरोखर तसेच होते काय, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. अशी निवड करताना त्या विषयाच्या अध्यापकाचे मत घेतल्यास ढोबळ चुका टळतील. विद्यार्थिनींच्या संमतीने, त्या काम करीत असताना घेतलेले साधे छायाचित्रही अधिक विश्वसनीय ठरेल. प्रवेशासाठी माहितीपत्रक चाळणाऱ्या मुलीला त्यातून केवळ हेल्मेट नव्हे, तर तिने करावयाचे काम दिसेल.