गुरुवारची गाडी, रविवारची न्याहारी

फ्रेड जेसन रात्री जेवण आटोपलं की फायरप्लेसजवळच्या खुर्चीत बसून 'टाइम्स'मधलं शब्दकोडं सोडवतो. समोर त्याची बायको लॉरा शिवण घेऊन बसलेली असते. एका रात्री कीट्सच्या ओळीतला सुटलेला शब्द तो तिला विचारतो. ती सांगते, 'रोमान्स'. फ्रेड चौकटी मोजतो आणि खूश होतो, कारण हा शब्द 'डिलिरियम' आणि 'बलुचिस्तान' या दोन्हींशी जुळतो. लॉरा मात्र त्याच संध्याकाळी एका परपुरुषाचा कायमचा निरोप घेऊन घरी परतलेली आहे.

डेव्हिड लीन यांचा 'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५) जवळजवळ सगळा या खुर्चीसमोर बसून सांगितला जातो. लॉरा मनातल्या मनात नवऱ्याशी बोलते आहे आणि ते फक्त आपल्याला ऐकू येतं. हे सगळं समजून घेईल असा एकच माणूस तिच्या आयुष्यात आहे, तो म्हणजे फ्रेड. आणि नेमकं त्यालाच ते सांगायची सोय नाही. लग्नाबाहेरच्या प्रेमावर जगभर शेकडो चित्रपट निघाले, पण त्या प्रेमाची गोष्ट नवऱ्याच्या समोर बसून, त्याला उद्देशून, त्याच्या नकळत सांगण्याची ही कल्पना मला आजही अजोड वाटते.

चित्रपटाचं मूळ नोएल कॉवर्ड यांच्या 'स्टिल लाइफ' (१९३६) या एकांकिकेत आहे. ती सगळीच्या सगळी रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात घडते. नवरा रंगमंचावर येतच नाही. पडद्यावर आणताना तिच्यात घर आलं. फ्रेड आला, दोन मुलं आली, सर्कसला जायचं की पॅन्टोमाइमला यावरून त्यांची जुंपलेली भांडणं आली. हा चित्रपट मोठा झाला तो या भरीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. लॉरा दर गुरुवारी मिलफर्डला जाते. आठवड्याची खरेदी, ग्रंथालयातलं पुस्तक बदलणं, दुपारचा सिनेमा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, असा तिचा ठरलेला क्रम. धडधडत गेलेल्या एक्सप्रेसमुळे तिच्या डोळ्यात कण जातो आणि डॉ. अ‍ॅलेक हार्वे तो रुमालानं काढून देतो. एवढंच निमित्त. पण पुढे अ‍ॅलेकबरोबर पहिल्यांदा जेवून आणि सिनेमा पाहून ती घरी येते, तर मुलाला मोटारीचा धक्का लागून तो अंथरुणावर पडलेला असतो. ही आपल्यालाच झालेली शिक्षा, असं तिला वाटतं. त्याच रात्री धीर करून ती फ्रेडला सांगून टाकते की आज एका अनोळखी माणसाबरोबर जेवले आणि सिनेमाला गेले. फ्रेड 'छान केलंस' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो आणि कोड्यात डोकं घालतो. त्याला एकदा जेवायला बोलवावं का, असं ती विचारते, तेव्हा तो विचारतो, कुणाला? लॉराला हसू आवरेनासं होतं. सीलिया जॉन्सन यांचं ते हसणं, ज्यात सुटका आणि भीती एकाच वेळी आहेत, अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकानं पुन्हा पुन्हा पाहावं.

चित्रीकरण १९४५च्या फेब्रुवारीत, युद्ध चालू असतानाच, लँकशरमधल्या कार्नफर्थ स्टेशनवर रात्री झालं. हवाई हल्ल्यांच्या भागापासून हे स्टेशन दूर असल्यामुळे तिथं दिवे लावता येत होते. छायाचित्रकार रॉबर्ट क्रॅस्कर यांनी इंजिनाची वाफ आणि फलाटावरचे दिवे यांतून जो काळोख उभा केला, त्याला रॅखमनिनॉफच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची साथ आहे. पुढच्या वर्षी कानच्या पहिल्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांना विभागून मिळाला. त्यांत हा होता आणि मुंबईत तयार झालेला चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'ही होता. या दोघांचं नाव एकाच यादीत आहे, हे आपल्याकडच्या रसिकांनाही फारसं ठाऊक नसतं.

लॉरा घरी परतते. यावर आजचा तरुण प्रेक्षक वैतागतो, कारण त्याला तो भित्रेपणा वाटतो. पण त्या काळचा कायदा डोळ्यांआड करून चालत नाही. इंग्लंडमध्ये १९३७च्या कायद्यापर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हेच एकमेव कारण होतं. नवऱ्याचा नुसता व्यभिचार बायकोच्या अर्जाला पुरेसा मानला जाऊ लागला तोही १९२३पासून. १९३७ मध्ये क्रूरता, परित्याग, असाध्य वेड ही कारणं जोडली गेली, तरी वेडाचं कारण सोडलं तर दोघांपैकी एकाला दोषी ठरवावंच लागे आणि ते भर कोर्टात. युद्धानं ही घडी विस्कटली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३८ साली सहा हजारांच्या आसपास घटस्फोट झाले होते, १९४७ मध्ये ते साठ हजारांवर गेले. म्हणजे 'ब्रीफ एन्काउंटर' थिएटरात लागला तेव्हा समोर बसलेल्यांत असे कितीतरी जण होते, ज्यांच्या स्वतःच्या घरात या गोष्टीचा शेवट वेगळा झाला होता किंवा व्हायचा होता. लॉराचं परतणं त्यांनी कोणत्या मनानं पाहिलं असेल, याचा विचार केला की या चित्रपटाचं वजन कळतं.

आता ज्या चित्रपटासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. 'वुमन इन अ ड्रेसिंग गाऊन' (१९५७) हे नाव आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत क्वचित निघतं. टेड विलिस यांनी आपल्याच टेलिव्हिजन नाटकावरून पटकथा लिहिली, दिग्दर्शन जे. ली टॉम्पसन यांचं. लंडनमधला एक लहान फ्लॅट. रविवारची सकाळ. एमी प्रेस्टन ड्रेसिंग गाऊनमध्येच न्याहारीच्या मागे लागली आहे, रेडिओ मोठ्यानं चालू आहे, तव्यावरचं करपतं आहे, कालची भांडी तशीच आहेत, धुतलेले कपडे खुर्च्यांवर पडले आहेत. नवरा जिम आणि वयात आलेला मुलगा ब्रायन त्या पसाऱ्यातून वाट काढतात. एमी सतत बोलते, हसते, हे अर्धं टाकून ते करायला धावते. न्याहारी होते आणि जिम कामाचं निमित्त सांगून निघतो. जातो तो ऑफिसातल्या जॉर्जीकडे. जॉर्जीची खोली स्वच्छ, टापटीप, शांत. वीस वर्षांच्या संसाराला जे जमलं नाही ते तिथं त्याला आयतं मिळतं.

छायाचित्रकार गिल्बर्ट टेलर यांचा कॅमेरा एमीच्या घरात कधी फडताळाआडून, कधी फर्निचरमधून, कधी वाळत टाकलेल्या कपड्यांपलीकडून पाहतो. त्या घरात मोकळी जागाच नाही, हे सांगायला संवाद लागत नाही. काही समीक्षकांना ही मांडणी अति वाटली. मला वाटत नाही. दिवसभर लहानशा घरात एकटीनं वावरणाऱ्या बाईला घर असंच अंगावर येत असणार.

जिम घटस्फोट मागतो. दुसऱ्या दिवशी तो जॉर्जीला घेऊन घरी येणार, तिघांनी समोरासमोर बोलायचं, असं ठरतं. यानंतरची वीसेक मिनिटं म्हणजे ब्रिटिश चित्रपटानं बाईबद्दल केलेल्या सर्वांत प्रामाणिक विधानांपैकी एक. एमी मुलाकडून थोडे पैसे घेते, साखरपुड्याची अंगठी गहाण टाकते. त्या पैशांतून केस करून घेते आणि व्हिस्कीची बाटली विकत आणते, पाहुणी आली तर चार माणसांसारखं काही पुढं ठेवता यावं म्हणून. पार्लरमधून बाहेर पडते तोच पाऊस कोसळतो. ती धावते, आडोसा शोधते, आणि नुकतेच केलेले केस चिंब होऊन चेहऱ्याला चिकटतात. घरी आल्यावर ठेवणीतला ड्रेस फाटतो. शेजारीण धीर द्यायला येते, दोघी बाटली उघडतात आणि रिकाम्या पोटी एमीला चढते. जिम आणि जॉर्जी दारात उभे राहतात तेव्हा त्यांच्यासमोर जी बाई असते, ती सकाळपासून नीटनेटकी दिसण्यासाठी जिवाचं रान केलेली असते.

इव्हॉन मिचेल यांनी हा प्रसंग कुठेही दयेची भीक न मागता केला आहे. एमी अव्यवस्थित आहे, दमवणारी आहे, तिच्याबरोबर राहणं सोपं नाही. पटकथा हे लपवत नाही. पण घर नीट ठेवणं हे जणू तिचं एकटीचंच देणं आहे आणि ते थकलं म्हणून नवऱ्याला दुसरीकडे जायची मुभा मिळते, हा हिशेब पडद्यावर इतका उघडा मांडला गेल्यावर तो मान्य करणं अवघड जातं. जिमला इस्त्रीचा शर्ट मिळत नाही, हे आपण पाहतो. इस्त्री त्याला स्वतःला का करता येऊ नये, हे मात्र पूर्ण चित्रपटात कुणीही विचारत नाही. १९५७च्या प्रेक्षकालाही तो प्रश्न पडला नसावा. आज तो पहिल्या दहा मिनिटांतच पडतो. मिचेल यांना त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य अस्वल मिळाला.

शेवटी जिम परत येतो. माझी तक्रार इथे आहे. लॉराचं परतणं तिच्या आतल्या झगड्यातून आलेलं होतं, जिमचं परतणं मात्र पटकथेनं ओढून आणलेलं वाटतं. जॉर्जीवरही तिथं अन्याय होतो. सिल्व्हिया सिम्स यांनी तिला खलनायिका होऊ दिलेलं नाही. तीही एकटी, प्रामाणिक, संसाराची आस धरून बसलेली मुलगी आहे. तरी मी या चित्रपटाला 'ब्रीफ एन्काउंटर'च्या बरोबरीनं बसवतो, कारण फलाटावरच्या निरोपाइतकंच कारुण्य त्यानं ओल्या केसांत शोधलं.

सात वर्षांनी आलेल्या 'द पम्पकिन ईटर'मध्ये (१९६४) पैशाची ददात नाही. पेनेलोपी मॉर्टिमर यांच्या १९६२च्या कादंबरीवरून हॅरल्ड पिंटर यांनी पटकथा लिहिली, जॅक क्लेटन यांनी दिग्दर्शन केलं. जो आर्मिटेजचं हे तिसरं लग्न. घरभर मुलं आहेत, नवरा जेक पटकथालेखक असून त्याचा जम बसतो आहे. जोला आणखी मूल हवं आहे, जेकला ते नको आहे. ती गर्भपात करते, त्याचबरोबर नसबंदीही करून घेते, आणि नंतर तिला कळतं की जेकपासून दुसऱ्याची बायको गरोदर आहे. बेवफाईचा याहून क्रूर पुरावा मला दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात दिसलेला नाही. हॅरड्ससारख्या आलिशान दुकानात, काचेच्या कपाटांमध्ये उभं राहून अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट यांची जो अचानक रडू लागते. भोवती विकत घेण्यासारखं सगळं आहे आणि तिला हवं ते कुठल्याच मजल्यावर मिळणार नाही. बॅनक्रॉफ्ट यांना कानमध्ये अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. कायदे बदलले ते या चित्रपटानंतर: ब्रिटनमध्ये गर्भपाताला मुभा देणारा कायदा १९६७ मध्ये झाला आणि दोष सिद्ध न करता घटस्फोटाची वाट खुली करणारा कायदा १९६९ मध्ये, तो लागू झाला १९७१ मध्ये. मॉर्टिमर स्वतः सहा मुलांची आई होत्या. पती जॉन हे वकील आणि लेखक. त्यांचाही घटस्फोट १९७१चाच.

इतरांचा उल्लेख थोडक्यात करतो. टेरेन्स रॅटिगन यांच्या 'द डीप ब्लू सी' या १९५२च्या नाटकावर दोनदा चित्रपट निघाले, १९५५ आणि २०११ मध्ये. न्यायाधीश नवऱ्याला सोडून विमानदलातून बाहेर पडलेल्या तरुणाबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी हेस्टर गॅस सोडून जीव द्यायला निघते. नाटकात ती वाचते ती मीटरमधले पैसे संपून गॅस बंद झाल्यामुळे. पिंटर यांच्या 'बिट्रेयल'मध्ये (१९८३) काळ उलटा चालतो आणि प्रेमी जोडपं किलबर्नमध्ये फ्लॅट भाड्यानं घेऊन तिथं दुसरा संसारच थाटतं. व्हेनिसहून टेबलक्लॉथ आणला जातो, स्वयंपाक होतो, आणि हळूहळू तिथंही जायला वेळ मिळेनासा होतो. अँड्र्यू हे यांच्या '४५ इयर्स'मध्ये (२०१५) नॉर्फकमधलं वृद्ध जोडपं आहे आणि तिसरी व्यक्ती पन्नास वर्षांपूर्वी आल्प्समध्ये मेलेली. माळ्यावर नवऱ्यानं जपलेल्या जुन्या स्लाइड्स बायको एकटीनं पाहते. शार्लट रॅम्पलिंग यांना त्यासाठी बर्लिनचा तोच रौप्य अस्वल मिळाला, जो इव्हॉन मिचेल यांना ५८ वर्षांपूर्वी मिळाला होता.

यांतला प्रत्येक चित्रपट प्रेमिकांच्या मीलनापेक्षा जेवणाचं टेबल, केस, मुलांची आजारपणं, गॅसचा मीटर यांच्यावर जास्त वेळ थांबतो. विश्वासघात तिथंच जाणवतो आणि निस्तरावाही तिथंच लागतो, हे ब्रिटिश लेखक-दिग्दर्शकांनी इतरांपेक्षा आधी ओळखलं असं मला वाटतं. लॉराची गोष्ट जगानं डोक्यावर घेतली, १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं शंभर श्रेष्ठ ब्रिटिश चित्रपटांची यादी केली तेव्हा तिला दुसरा क्रमांक मिळाला. एमी मागेच राहिली. २०१२ मध्ये तिचा चित्रपट ब्रिटनमध्ये पुन्हा थिएटरात आला, तेव्हा कुठे तिच्याबद्दल नव्यानं लिहिलं गेलं.

आपल्या गावोगावच्या फिल्म क्लबांना माझी विनंती आहे. 'ब्रीफ एन्काउंटर' तुम्ही दाखवताच. पुढच्या वेळी त्याला लागून 'वुमन इन अ ड्रेसिंग गाऊन' लावा. चर्चेला नवराबायको दोघांनाही बोलवा आणि पहिलं बोलू द्या ते ज्यांच्या हातून घरची इस्त्री होते त्यांना.